डाव्या बाजूचा आरसा

मंगळवार, ता. ४

देवा, तुझं नाव घेऊन वहीचं मागचं पान उघडते. पुढच्या पानांवर घरखर्च आहे, तिथं रडगाणं नको. रडगाणं मागून सुरू करावं, म्हणजे दोघांची गाठ पडेपर्यंत वर्ष सरतं.

आज परत आरसा गेला. गाडीचा, डाव्या बाजूचा. वर्षात तिसऱ्यांदा. पहिल्यांदा नुसता ओरखडा होता, दुसऱ्यांदा कवच तडकलं आणि मी त्याला चिकटपट्टी गुंडाळली. आज काच फुटून आख्खा आरसा दाराला वायरींवर लोंबत घरी आला.

हे म्हणाले, "दवाखान्याच्या आवारात कुणीतरी ठोकून गेलं."

"आणि थांबलासुद्धा नाही मेला?"

"नाही थांबला." एवढं बोलून हात धुवायला गेले.

गाडीला एकोणीस वर्षं झाली. बटण दाबलं की आरसा आपोआप फिरतो ह्याचं ह्यांना घेतली तेव्हा केवढं कौतुक होतं. येईल त्या पाहुण्याला आधी आरसा फिरवून दाखवायचे, मग चहा. त्या गाडीवर आता एक जीव अवलंबून आहे. वन्संची, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीची, दोन्ही मूत्रपिंडं थकली आहेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तासभर लांबच्या दवाखान्यात मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागतं. एक वार चुकला की पाय सुजतात. दोन चुकले तर काय होईल ते मी लिहीत नाही.

संध्याकाळी ओल्या फडक्यानं कवच पुसलं. त्यावर निळा रंग खरवडून लागला आहे. आमच्या फाटकाच्या खांबाचाही नेमका तसाच निळा आहे. त्या ठोकणाऱ्या गाडीचाही तोच असेल. जगात निळा रंग काही आपल्या एकट्याचा नाही.


बुधवार, ता. ५

गॅरेजवाल्याकडे जाऊन आले. कुठलंही काम सांगा, हा "होऊन जाईल" म्हणतो, म्हणून वन्संनी त्याचं नावच होऊनजाईल ठेवलंय. गिऱ्हाइकंही आता त्याच नावानं विचारत येतात, आणि तो ओ देतो.

"काकू, आख्खा बदलावा लागेल. काच, मोटर, कवच एकत्रच येतं."

"मोटर चांगली असेल की. नुसती काच द्या कापून, मी घरी चिकटवते."

"चिकटवा. होऊन जाईल." मग जरा थांबून म्हणाला, "पण राहणार नाही."

जन्मभर मी फुटक्या बरण्या, चपलांचे तळ, देवघराची मूठ सगळं चिकटवलं आहे. काच कापून घेतली, घरी येऊन चिकटवली, वर रात्रभर पाट्याचा दगड ठेवायचा बेत केला. दगड दारावर राहीना, म्हणून चिकटपट्टीनं बांधली. निजायच्या आधी हलवून बघितली, तसूभर हलली नाही. देवाला नमस्कार केला आणि मनात होऊनजाईलला वाकुल्या दाखवल्या.


शुक्रवार, ता. ७

पहिल्या खड्ड्यात काच गेली.

मी बरोबर होते. आरसा नाही म्हटल्यावर वन्सं स्वतःच पुढे डावीकडे बसल्या आणि खिडकीतून मान काढून रस्ताभर सांगत राहिल्या, "ट्रक आहे रे. आहे. आहे. गेला. आता घे. थांब! बाई आहे. आता घे."

"आक्का, तुझा घसा सुकेल."

"लहानपणी तुला वळण लावता लावता सुकला तो परत ओला झालाच नाही. घे आता डावीकडे."

मी मागे बसून हसत होते, पण प्रत्येक "थांब"ला पुढची सीट घट्ट धरत होते. दवाखान्याच्या दारात आम्हा दोघींना उतरवून हे गाडी लावायला गेले. वन्सं गाडी वळताना पाहत राहिल्या. म्हणाल्या, "हा डावीकडे नुसती नजर टाकत नाही गं. आख्खी मान फिरवतो, घुबडासारखी."

"आरसाच नाही म्हटल्यावर काय करतील?"

"तेही खरंच," म्हणाल्या. मग मशीनवर पडेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. वन्सं गप्प बसल्या की मला धडकी भरते. त्यांना मशीन लावताना त्रास होतो त्याची ती लक्षणं असावीत.


शनिवार, ता. ८

चिकटवण्याचा अहंकार देवानं मोडला. आज जुन्या गाड्यांच्या पार्टांच्या बाजारात आम्ही दोघं गेलो. नवा आरसा आता बनतच नाही म्हणे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती दारं रचलेली, दारांच्या मागे दिवे, दिव्यांच्या मागे खुर्च्या. कुठल्या गाडीत कोण बसलं असेल आणि त्याचं काय झालं असेल, असा विचार मनात आला आणि मी जपाची माळ पिशवीतच फिरवत राहिले.

आमच्या मॉडेलचा डावा आरसा एकाच दुकानात निघाला. लाल. आमची गाडी पांढरी.

"दुसरा रंग नाही का?" मी विचारलं.

दुकानदार म्हणाला, "बाई, आरशात बघायचं असतं. आरशाकडे नाही."

त्यानं वायरी बॅटरीला लावून दाखवल्या. मोटर घूं करून काच वर गेली, खाली आली, आत वळली, बाहेर वळली. एवढ्याशा गोष्टीनं मला इतकं बरं वाटलं की तिथंच हात जोडले. दुकानदाराला वाटलं मी त्यालाच जोडले. त्यानं वीस कमी केले.

निघताना हे वाटेत पडलेल्या बंपरला अडखळले. चांगला माणसाएवढा बंपर, डाव्या हाताला आडवा पडलेला. गुडघा खरचटला. "कसला पसारा करून ठेवतात!" असं मीच दुकानदाराला फैलावर घेतलं. परतताना हे माझा हात धरून चालले. बेचाळीस वर्षांत भर बाजारात पहिल्यांदा. मला लाजच वाटली, पण सोडवला नाही.


सोमवार, ता. १०

आरसा बसला. पण प्रकरण मिटलं नाही.

होऊनजाईलनं दाराच्या आतल्या कोपऱ्यातलं प्लॅस्टिकचं तिकोनी झाकण उचकटलं, दहा नंबरच्या पान्यानं तीन नट काढले, जुना आरसा उतरवला, नव्याची वायर जोडून परत तीन नट आवळले. मी शेजारी उभी राहून एकूण एक बघितलं. आपल्या वस्तूला कुणी हात लावत असेल तर तिथून हलू नये, अशी माझी रीत आहे.

"काकू, तुम्हीच गॅरेज काढा आता."

"काढते. पण मला होऊन जाईल म्हणता येत नाही ना."

आधी मी आत बसून बटण दाबून बघितलं. मागच्या दाराची मूठ दिसली, चाक दिसलं, लांबच्या झाडाखालचा बाकसुद्धा दिसला. मग हे बसले.

"जरा बाहेर घ्यायला हवा," असं म्हणत बटण दाबत राहिले. "अजून." मोटर टक टक करायला लागली, तिच्यापुढे वाट नव्हती, तरी ह्यांचं बोट बटणावरच.

होऊनजाईलनं माझ्या हातात लाल फडकं दिलं आणि डाव्या बाजूला, मागच्या चाकापासून दोन पावलांवर उभं केलं. "काकू, हलवा. काका, दिसतंय?"

"कुठं उभी आहे ती?"

मी वेड्यासारखं फडकं हलवतेय. रस्त्यावरचे लोक बघतायत.

"काका, आरशात बघा."

ह्यांनी हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत मान वळवली. "हां! आता आली. आरसा वाकडा बसवलायस तू."

होऊनजाईल स्वतः आत बसला. त्यानं आरसा जरा आत घेतला, बघितलं आणि उतरला. हात पुसायला त्याला इतका वेळ कधी लागत नाही. मला म्हणाला, "काकू, आरशाला काही झालेलं नाही." मग हळूच, "काकांनी डोळे शेवटचे कधी दाखवले?"

मी म्हटलं, "चष्मा वाचायचा आहे त्यांचा. लांबचं स्वच्छ दिसतं. तुमचं काम तुम्ही करा."

आज तो होऊन जाईल म्हणाला नाही. काम अंगाशी आलं की माणसं अशी दुसऱ्यावर ढकलतात.


मंगळवार, ता. ११

आज आधी हे लिहिते, हिशेब नंतर.

नवा आरसा होता म्हणून वन्सं मागे माझ्याशेजारी बसल्या. दवाखान्याच्या अलीकडच्या वळणावर ह्यांनी गाडी डावीकडे घेतली आणि मी किंचाळले. खिडकीला लागून एक सायकलवाला होता. ह्यांनी ब्रेक मारला. तो पडला नाही, पाय टेकवून उभा राहिला, पण त्याचं चाक आमच्या दाराला घासलं. त्याच्या मागच्या कॅरियरवर अंड्यांचे ट्रे होते. एक अंडं फुटलं नाही. देवा, एक अंडं फुटलं नाही.

तो शिव्या देत होता. हे खाली उतरले. "अरे, आरशात नव्हतास तू!"

"आरशात नव्हतो? केव्हापासून बरोबर चालतोय मी तुमच्या! आंधळे आहात का?"

मला राग आला. माझ्या माणसाला कोण आंधळं म्हणतो! आपण आरसा बघून सांगावं की हा आरशात नव्हताच, म्हणून मी मागून पुढच्या सीटवर ओणवी झाले आणि ह्यांचं डोकं जिथं असतं तिथं डोकं नेलं.

आरशात तो आख्खा दिसत होता. टोपी, सायकल, अंडी, सगळा.

मी परत मागे बसले. वन्संनी विचारलं, "काय दिसलं?" मी म्हटलं, "काही नाही."

पुढे एक ओळ लिहिली होती ती खोडली आहे.


बुधवार, ता. १२

आज चहाचा कप डाव्या हाताशी ठेवला. मुद्दाम ठेवला, देवा क्षमा कर. ह्यांनी वर्तमानपत्र उलटलं आणि कप खाली. हिशेबाची पानं मागे चाळत गेले. मागच्या श्रावणापासून नाही, त्याच्याही आधीपासून कप, कप, बशी, पाण्याचा तांब्या चेपला, कप. दर वेळी मी शेजारी लिहिलंय, "वेंधळेपणा". एकदा "राग". एवढी लिहिणारी बाई, पण सगळे कप डावीकडचे होते हे एकदाही लिहिलं नाही.

दुपारी धीर केला. "अहो, एकदा डोळे दाखवून येऊ या का?"

त्यांनी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवलं. खालची बारीक अक्षरंसुद्धा. मग खिडकीतून लांबच्या गाडीचा नंबर वाचला. मी जाऊन ताडून पाहिला. बरोबर होता.

"झालं समाधान? त्या होऊनजाईलनं डोक्यात भरवलंय ना?"

"भरवलं नाही. पण काल तो सायकलवाला..."

"आरसा जुना आहे. मोटर ढिली आहे." मग आवाज चढला. "आणि समज डोळे गेले माझे. मग आक्काला कोण नेणार? तू? तुला सायकल तरी येते का? आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. आक्कानं कडेवर घेऊन शाळेत नेलंय मला. ती आता मरायला टेकली आणि मी तिला भाड्याच्या गाडीत परक्याच्या हवाली करू?"

लांबचं दिसतं, नंबर बरोबर होता. माझंच चुकत असेल. पण शुक्रवार परवा आहे. रस्त्यावर माणसं असतील, मुलं असतील, आणि गाडीत वन्सं असतील.


गुरुवार, ता. १३

दुपारी दोन ते तीन हे झोपतात. सव्वादोनला मी खाली गेले.

आधी फोडायचाच असं ठरवलं होतं. खलबत्त्यातला बत्ता पदराखाली नेला होता. पण हात धजला नाही. चालू वस्तू, चांगली मोटर, आणि आपण उठून फोडायची? देव तरी काय म्हणेल. वर गेले, दहा नंबरचा पाना आणला. तिकोनी झाकण उचकटताना नख मोडलं. तीन नट काढले, वायर सोडवली, झाकण परत नीट दाबून बसवलं, नाहीतर पावसाचं पाणी आत जाईल. आरसा जुन्या टॉवेलात गुंडाळून तांदळाच्या पिंपात खाली घातला.

चोरी केली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्याची. आयुष्यात पहिली.

देवासमोर बसले पण तोंड वर करवेना. एवढंच म्हणाले की शिक्षा द्यायची ती मला दे, शुक्रवारच्या रस्त्याला नको.


शुक्रवार, ता. १४

सकाळी सातला हे गाडी पुसायला खाली गेले. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. चार कपडे होते, तेच पुन्हा पुन्हा झटकत राहिले.

"अगं, आरसा नाही!"

"अगंबाई! म्हणजे?"

"चोरीला गेलाय."

मी खाली धावले. माझी धाव मलाच खोटी वाटत होती. ह्यांनी वाकून दारावरच्या तिन्ही भोकांवरून बोट फिरवलं. मग आतलं झाकण चाचपलं.

"झाकण परत बसवून गेलाय. चोर टापटिपीचा दिसतो."

चोर तो चोर वर शिरजोर, मी विचारलं, "पोलिसात जायचं का?"

"एका आरशासाठी? आक्काला उशीर होईल." आणि त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून भाड्याच्या गाडीवाल्याला फोन लावला. नंबर चिठ्ठीवर आधीच लिहिलेला होता. केव्हा लिहून ठेवला कोण जाणे. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, निदान बिनआरशाचे निघतील. काही नाही. उलट गाडीवाल्याला म्हणाले, "सावकाश या."

भाड्याच्या गाडीत हे पुढे बसले आणि दहा मिनिटांत झोपी गेले. मान मागे टाकून, तोंड उघडं, लहान मुलासारखे. गाडीत झोपलेले मी त्यांना कधी पाहिलेच नाहीत. भाडं जातंय म्हणून हळहळत होते, पण घरी येईपर्यंत मीही पुढची सीट एकदाही धरली नाही.

वन्सं कानाशी आल्या. "नट पण घेऊन गेला का गं चोर?"

"हो... म्हणजे, असतील."

"काटकसरी दिसतो," म्हणाल्या आणि माझा हात दाबून धरला. त्यांचा हात फार गार असतो हल्ली.


शनिवार, ता. १५

एक खोटं लपवायला दुसरं लागतं म्हणतात ते आज कळलं. हे होऊनजाईलकडे जाऊन दुसरा आरसा आणतील, आणि मंगळवारी परत तेच. म्हणून त्याच्या आधी मी गेले.

ताकाला जाऊन भांडं लपवत बसले. धंदा कसा आहे, उकाडा किती आहे. शेवटी तोच म्हणाला, "काकू, बोला."

"हे आरसा मागायला आले, तर मिळत नाही म्हणून सांगाल का? कुठंच मिळत नाही म्हणा. माझं नाव सांगू नका. पाप लागलं तर मला लागू दे."

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मला वाटलं हसेल. हसला नाही.

"काकू, काका परवा संध्याकाळी येऊन गेले."

"परवा? गुरुवारी? आरसा मागायला?"

"नाही. म्हणाले, काकू आरसा मागायला आल्या तर सांग, हा आरसा आता कुठंच मिळत नाही. त्यांचंही नाव सांगायचं नव्हतं." मग कपाळ पुसून म्हणाला, "तुम्ही दोघं एकदा एकाच वेळी या की. मला दोन्हीकडे खोटं बोलायला सोपं जाईल."

घरी येईपर्यंत मी रस्ताभर मनात चडफडत होते की ह्यांना पैसे वाचवायचे असतील, ते खातं तर माझं. भाताला आधण ठेवलं आणि मग एकदम उभीच राहिले. गुरुवारी संध्याकाळी. म्हणजे शुक्रवारी सकाळी "आरसा नाही" म्हणून ओरडले तेव्हा त्यांना ठाऊक होतं. दुपारी मी पाना घेऊन बसले होते तेव्हा झोपले तरी होते का? आधण उकळून गॅसवर सांडलं.

जेवताना भाजीची वाटी त्यांच्या उजव्या हाताला ठेवली. त्यांनी वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिथंच राहू दिली.


मंगळवार, ता. १८

भाड्याच्याच गाडीतून गेलो. वन्संना मशीन लावलं. हे उठले, "चहा घेऊन येतो."

वन्सं डोळे मिटूनच म्हणाल्या, "चहा खालच्या मजल्यावर. डोळ्यांचे डॉक्टर वरच्या. जिना चुकू नकोस."

"आक्का, तुला कुणी सांगितलं?"

"वर्षभर तुझ्या मागे बसतेय. मला कोण सांगणार? दर वेळी दवाखान्यात पोचले की आधी मी माझे हातपाय मोजते, मग नाडी दाखवते."

"मग बोललीस का नाहीस?"

"तू गाडी सोडली असतीस तर मी यायचं सोडलं असतं, म्हणून. भाड्याच्या खर्चात तुला घालायचं नव्हतं. दोघंही शहाणे." मग डोळे उघडले. "मला गाडी हवी रे. ती तूच चालवली पाहिजेस असं कुणी म्हटलंय? तू मागे बस आणि बोल माझ्याशी. सरळ समोर बघत बसतोस, दोन तास एक शब्द नाही."

हे दाराकडे वळले आणि मला म्हणाले, "चल."

वर अंधाऱ्या खोलीत एक पांढरं घमेल्यासारखं यंत्र आहे. त्यात तोंड घालून बसायचं, आत ठिपके लागतात, दिसला ठिपका की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेर बाकावर होते, आतलं टक टक ऐकू येत होतं. उजव्या डोळ्याला टक टक चाललं, मधे मधे थांबत. मग डावा. एक टक. मग काहीच नाही. जपाला माळ काढली होती, पण मणी पुढे सरकेना. पुढच्या टकची वाट बघत एकाच मण्यावर बसले.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, आवाज शांत. काचबिंदू म्हणाल्या. दुखत नाही, समोरचं दिसत राहतं, कडेकडेनं खात येतो. डावा बहुतेक गेला आहे, तो परत येणार नाही. उजव्यालाही कडेनं सुरुवात झाली आहे. थेंब जन्मभर घालायचे, चुकवायचे नाहीत, मग आहे तेवढं टिकेल.

"गाडी?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

"केव्हापासून जाणवतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"वर्ष झालं असेल. फाटकाच्या खांबाला पहिल्यांदा लागली तेव्हापासून."

लोक म्हणतील बायकोला रडू आलं असेल. मला राग आला. वर्ष! वर्षभर वन्संना मागे बसवून, माणसांनी भरलेल्या रस्त्यावरून! आणि वर्षभर आधी आले असते तर डाव्यातलं काही वाचलं असतं. तो राग इथं लिहून ठेवते, कारण त्यांच्यासमोर काढायची माझी हिंमत नाही आणि हक्कही नाही. ते कवच मीच पुसलं होतं. रंग मीही बघितला होता.

घरी येताना त्यांनीच भाड्याच्या गाडीवाल्याशी दर मंगळवार-शुक्रवारचं ठरवून टाकलं. आमची गाडी विकायची. वन्संनी मध्येच तोंड घातलं, "आठवड्यातून एकदाच गेलं तरी चालतं म्हणे काहींना."

"आक्का," हे म्हणाले, "गप्प बस." वन्संना गप्प बस म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. आणि वन्सं बसल्या.


बुधवार, ता. १९

आज पहिल्यांदा थेंब घातले. सकाळी आठला आणि रात्री आठला, घड्याळ लावून. दोन बाटल्या आहेत, दोन्हींच्या मधे पाच मिनिटं थांबायचं. एका थेंबावर दुसरा पडला तर पहिला वाहून जातो.

ह्यांना खाटेवर उताणं निजवलं. बाटली जवळ आली की पापणी मिटायची. पहिला थेंब गालावर. दुसरा कानात.

"अगं, महागाचं औषध आहे."

"मग मिटू नका ना."

"मी मिटत नाही, तो आपोआप मिटतो."

शेवटी अंगठ्यानं खालची पापणी ओढून धरली. डोळा तांबूस झाला होता, पाण्यानं भरलेला. इतक्या जवळून मी त्यांचा डोळा कधी बघितला नव्हता. बाहेरून काही म्हणता काही झालेलं दिसत नाही. हीच तर पंचाईत आहे.

थेंब पडला. पाच मिनिटं थांबायचं होतं. मी खाटेच्या कडेला बसून राहिले, हातात दुसरी बाटली. घड्याळाचा काटा हलेना. आता रोज दोनदा अशी पाच मिनिटं, आम्ही असू तोवर. त्यातला एखादा दिवस चुकला तर, माझ्या हाताला कंप सुटला तर, मीच आधी गेले तर. एवढं सगळं पाच मिनिटांत मनात येऊन गेलं.

"भीती वाटते का हो?" मी विचारलं.

"वाटते." मग म्हणाले, "रोज सकाळी उठल्यावर आधी उजवा डोळा उघडून बघतो. भिंत किती शिल्लक आहे."

मी बाटलीचं झाकण फिरवत विचारलं, "आत्ता काय दिसतंय?"

"छत. पंखा. तुझा आवाज येतोय, पण तू नाहीस. जरा उजवीकडे सरक."

मी सरकले.

"अजून."

मी खाटेला वळसा घालून त्यांच्या उजव्या अंगाला जाऊन बसले.

"हां," म्हणाले. "आता घाल."